पहिलं मोबाईल ॲप: सुरुवात कुठून करायची?

मी आयटी सल्लागार म्हणून काम करते, आणि आज आपण बोलणार आहोत मोबाईल ॲप बनवायला शिकण्याबद्दल, अगदी पहिल्या पायरीपासून. कागद-पेन जवळ असेल तर उत्तम. नसेल तरी हरकत नाही, हे बोलणं नंतर स्क्रिप्टच्या रूपात वाचता येईलच.

हा विषय घेण्याचं कारण सांगते. मंडळाच्या कार्यक्रमात, किंवा रविवारी मराठी शाळेबाहेर मुलांची वाट बघत उभं असताना, मला तीन प्रकारची माणसं हाच प्रश्न विचारतात. पहिली, भारतात पाच-सात वर्षं नोकरी करून जोडीदाराबरोबर एच-४ व्हिसावर आलेली. २०१५ पासून काही एच-४ धारकांना कामाची परवानगी मिळते. पण त्यासाठी साधारणपणे जोडीदाराचं ग्रीन कार्डचं प्रकरण एका ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलेलं असावं लागतं. तोपर्यंतची वर्षं रेझ्युमेवर रिकामी दिसतात आणि ती मनाला लागतात. दुसरी, पंधरा-वीस वर्षं टेस्टिंग किंवा सपोर्टमध्ये काढलेली, आणि आता नोकरीचं काय होणार या काळजीत असलेली. तिसरी म्हणजे आपली हायस्कूलमधली मुलं.

तिघांचाही प्रश्न एकच असतो: "कुठली लँग्वेज शिकू?"

आणि बहुतेकांच्या बाबतीत पुढे काय होतं, तेही सारखंच असतं. एक कोर्स विकत घेतला जातो. दहा-बारा व्हिडिओ बघून होतात. तेवढ्यात कोणीतरी सांगतं, "अगं, हे कशाला शिकतेस? आता सगळे फ्लटर वापरतात." मग फ्लटरचा कोर्स. मग दुसरं कोणी म्हणतं रिॲक्ट नेटिव्ह. सहा महिन्यांनी बघावं तर पाच अर्धवट कोर्स आणि एकही ॲप नाही. याला बुद्धी कमी पडलेली नसते. प्रश्न चुकीच्या टोकाकडून सुटायला घेतलेला असतो.

तर मी आज सांगणार आहे ती गोष्ट एवढीच: एक छोटं ॲप ठरवा, एका खऱ्या माणसासाठी, आणि ते त्याच्या फोनवर चालेपर्यंत दुसरं काही शिकू नका. लँग्वेज कुठली, टूल कुठलं, याची उत्तरं त्यातूनच मिळत जातात. एमबीएच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात विचारतात, ग्राहक कोण? इथेही तोच प्रश्न आधी.

उदाहरण घेऊनच बोलू या. समजा, तुमची आई किंवा सासूबाई भारतात आहेत. तुम्ही न्यू जर्सीत. त्यांना रोज पडणारा प्रश्न म्हणजे, "आत्ता तिकडे किती वाजलेत? फोन केला तर चालेल का?" आपण एक ॲप बनवू. त्यात दोन घड्याळं: एक इथलं, एक तिथलं. खाली एक ओळ: "आत्ता फोन करा" किंवा "आत्ता झोपलेत". झालं. लॉगिन नाही, सर्व्हर नाही, जाहिराती नाहीत. या ॲपला नाव देऊ, 'फोनची वेळ'.

तुम्ही म्हणाल, हे तर फोनच्या घड्याळात आहेच की. आहे ना. पहिलं ॲप जगात नवीन असण्याची काही गरज नसते. ते तुम्हाला पूर्णपणे समजणारं आणि कोणालातरी लागणारं असलं की पुरे.

आता लँग्वेजचा प्रश्न सुटतो का बघा. हे ॲप कोणाच्या फोनवर चालणार? आईंच्या. त्यांचा फोन कुठला? अँड्रॉइड. म्हणजे आपण अँड्रॉइडपासून सुरुवात करू. गूगलने २०१९ मध्ये जाहीर केलं की अँड्रॉइडसाठी पहिली पसंती कोटलिन या लँग्वेजला. म्हणून कोटलिन. स्क्रीन बनवण्यासाठी गूगलचंच जेटपॅक कंपोज. आणि हे सगळं ज्यात लिहायचं तो अँड्रॉइड स्टुडिओ फुकट आहे, विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतो. फक्त लॅपटॉपला रॅम बरी हवी, १६ जीबी असेल तर त्रास होत नाही.

हेच ॲप तुमच्या मुलीच्या आयफोनसाठी असतं, तर उत्तर बदललं असतं. तिथे लँग्वेज स्विफ्ट, स्क्रीनसाठी स्विफ्टयूआय, आणि लिहायला एक्सकोड. एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. घरी मॅक नसेल पण आयपॅड असेल, तर ॲपलच्या स्विफ्ट प्लेग्राउंड्समध्येही छोटं ॲप बनवता येतं.

आणि फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह? एकदाच कोड लिहून दोन्हीकडे ॲप चालवण्यासाठी ही चांगली साधनं आहेत. कामावर तीच वापरतात असं असेल तर जरूर त्यातच शिका. एक लक्षात ठेवा, फ्लटरमध्ये लिहिलं तरी आयफोनसाठी ॲप तयार करायला शेवटी मॅक लागतोच. घरातलं मूल दहा-बारा वर्षांचं असेल, तर एमआयटीचं ॲप इन्व्हेंटर बघा. कोड लिहायचा नाही, रंगीत ठोकळे जोडायचे, आणि ॲप खरोखर फोनवर चालतं.

बरं, अँड्रॉइड स्टुडिओ डाउनलोड केलात. इन्स्टॉल करण्याचे तपशील मी सांगत बसत नाही, ते गूगलच्या पानावर आहेत. पहिल्या दिवसाचं काम एकच: जे रिकामं ॲप तो स्वतःच तयार करून देतो, ते आपल्या फोनवर चालवायचं. लॅपटॉपवरच्या नकली फोनवर समाधान मानू नका. एखादा जुना अँड्रॉइड फोन ड्रॉवरमधून काढा. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'च्या आत 'बिल्ड नंबर' असतो, त्यावर सात वेळा टॅप करा. हो, सात वेळा! मग 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतात, त्यात 'यूएसबी डीबगिंग' चालू करा, केबल लावा, आणि रनचं बटण दाबा. नुसतं "हॅलो अँड्रॉइड" दिसेल. पण तुमचा लॅपटॉप, तुमचा फोन आणि मधली सगळी यंत्रणा नीट जोडली गेली आहे, हे त्या दोन शब्दांनी कळतं. नवशिक्यांचे सगळ्यात जास्त तास इथेच जातात. म्हणून हे पहिल्याच दिवशी उरकायचं.

त्यानंतर दोन-तीन आठवडे लँग्वेजचं मूळ शिका. व्हेरिएबल, अट म्हणजे इफ-एल्स, यादी, फंक्शन. बस. गूगलचा 'अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोज' हा कोर्स फुकट आहे. प्रोग्रॅमिंगचा अजिबात गंध नसेल तर हार्वर्डचा सीएस-५० ऑनलाइन फुकट बघता येतो. या टप्प्यावर हजारो डॉलर मागणाऱ्या आणि नोकरीची हमी देणाऱ्या कोणालाही पैसे देऊ नका. पैसे द्यायचेच तर आधी एक ॲप स्वतः पूर्ण करा. मग तुम्हाला नेमकं काय अडतं ते कळेल आणि त्यासाठीच पैसे मोजाल.

रोज किती वेळ द्यायचा? घर, मुलं, नोकरी सांभाळून रोजचा पाऊण तास पुष्कळ झाला. शनिवारी सहा तास बसून मग पंधरा दिवस न बघण्यापेक्षा तो पाऊण तास बरा. नाहीतर दर वेळी "मी कुठे होते?" इथूनच सुरुवात करावी लागते.

आता येऊ 'फोनची वेळ'च्या खऱ्या कामाकडे. कारण ॲप बनवताना जे शिकायचं असतं ते इथे आहे.

भारत आणि न्यू जर्सी यांच्यात किती तासांचा फरक? कोणी म्हणेल साडेनऊ, कोणी साडेदहा. दोन्ही बरोबर! इथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. भारतात घड्याळ बदलत नाही. म्हणून उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा, हिवाळ्यात साडेदहाचा. नवशिक्याचं ॲप काय करतं? इथल्या वेळेत साडेनऊ मिळवतं. जुलैमध्ये छान चालतं. नोव्हेंबरात एके रविवारी सगळं एक तासाने चुकतं.

मग तुम्ही म्हणाल, महिन्याची अट घालू. पण मग फिनिक्समधल्या मावशींचं काय? ॲरिझोनाच्या बहुतेक भागात घड्याळ बदलतच नाही. आणि हे नियमसुद्धा कायमचे नसतात. अमेरिकेतल्या आत्ताच्या तारखा २००७ पासूनच्या आहेत, त्याआधी वेगळ्या होत्या. म्हणून हा हिशोब आपण करायचाच नाही. प्रत्येक फोनमध्ये जगभरच्या वेळांच्या नियमांची यादी असते. तिला फक्त विचारायचं, 'एशिया/कोलकाता' या ठिकाणी आत्ता किती वाजले? 'अमेरिका/न्यूयॉर्क'ला किती वाजले? उत्तर फोन देतो.

आणि खरं झालं का ते तपासायचं. दोन तारखा घ्या. १५ जुलै, इथे रात्रीचे साडेआठ: भारतात दुसऱ्या दिवशी सकाळचे सहा यायला हवेत. १५ जानेवारी, इथे रात्रीचे साडेआठ: तिथे सकाळचे सात. दोन्ही बरोबर आले तर तुमचं गणित बरोबर. 'दुसऱ्या दिवशी' हे शब्दही लक्षात घ्या. इथे १४ तारीख असताना तिथे १५ लागलेली असते. आईंचा वाढदिवस ॲपने एक दिवस उशिरा सांगितला तर ॲपला कोण विचारतो, तुम्हालाच ऐकून घ्यावं लागेल!

आता कोणी विचारेल, "हे सगळं एआय लिहून देतं की आता. मग शिकायचं कशाला?" प्रश्न रास्त आहे. आणि मी एआय वापरू नका असं सांगणार नाही, मी स्वतः कामात वापरते. पण आत्ताचंच उदाहरण बघा. एआयने तुम्हाला साडेनऊ तास मिळवणारा कोड दिला, तर तो सुबक दिसेल, चालेल, आणि नोव्हेंबरपर्यंत कोणाला शंकाही येणार नाही. तो चुकीचा आहे हे ओळखण्यासाठी प्रश्न तुम्हाला माहीत असावा लागतो. म्हणून शिकताना एक नियम पाळा: जी ओळ तुम्हाला मोठ्याने, मराठीत, घरातल्या माणसाला समजावता येत नाही, ती ओळ ॲपमध्ये ठेवायची नाही. एआयला कोड मागण्यापेक्षा विचारा, "ही लाल रंगातली एरर काय म्हणते आहे? ही ओळ काढली तर काय होईल?" असा शिक्षक पूर्वी आम्हाला मिळत नव्हता, त्याचा फायदा घ्या.

पुढचं काम, ॲपमध्ये मराठी. आईंसाठी आहे तर मराठीतच हवं. इथे एक गंमत दाखवते. समजा, माणसाच्या नावाचं पहिलं अक्षर गोल चकतीत दाखवायचं आहे. इंग्रजी 'सुनील'ला अडचण नाही. पण मराठीत 'ज्ञानेश्वर' लिहिलं आणि पहिलं अक्षर मागितलं, तर कॉम्प्युटर नुसता 'ज' देतो. कारण त्याच्या लेखी 'ज्ञ' म्हणजे ज, हलन्त आणि ञ, असे तीन तुकडे. आपल्याला एक अक्षर वाटणारा 'स्त्री' हा शब्द तो सहा तुकड्यांत मोजतो. शिवाय ओळींमधलं अंतर कमी ठेवलं तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. इंग्रजीत करून बघितलेल्या ॲपमध्ये हे कधीच दिसत नाही. मराठीत बनवणाऱ्यालाच दिसतं. म्हणून सुरुवातीपासून मराठी मजकूर टाकून बघा, आणि सगळी वाक्यं कोडमध्ये न विखुरता एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. अँड्रॉइडमध्ये त्यासाठी 'स्ट्रिंग्ज' नावाची फाइल असतेच.

तसंच अक्षरांचा आकार. आईंनी फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात. तुमच्या फोनवर सुंदर दिसणारी स्क्रीन त्यांच्या फोनवर अर्धी बाहेर जाते. तुमचा फोन घ्या, अक्षरं सगळ्यात मोठी करा, आणि मग ॲप उघडा.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. ॲप आईंच्या फोनवर गेलं, की गप्प बसा. व्हिडिओ कॉल लावा, त्यांना फक्त म्हणा, "हे उघडून बघा ना," आणि त्या काय करतात ते पाहा. कुठलं बटण दाबायचं ते सांगू नका. त्या जिथे थांबतील, चष्मा वर करून जवळून बघतील, "अगं, हे काय आलं?" म्हणतील, तिथे तिथे खूण करा. त्या दहा मिनिटांत जे कळेल ते कुठल्याही कोर्समध्ये मिळणार नाही. कंपन्या याच कामासाठी वेगळी माणसं नेमतात. तुमच्याकडे ती घरचीच आहेत.

ॲप सर्वांसाठी प्ले स्टोअरवर टाकायचं असेल तर गूगलचं खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात. ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर. गूगलचा आणखी एक नियम आहे. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल, तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणी गटात राहावं लागतं. बाकीच्या नवशिक्यांना ही १२ माणसं गोळा करताना नाकीनऊ येतात. आपल्याकडे काय, मावश्या, काका, चुलतभावंडं, शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप! फक्त त्यांचे फोन अँड्रॉइड हवेत आणि मध्येच कोणी गटातून बाहेर पडायला नको. तेव्हा १२ ऐवजी पंधरा-सोळा जण घ्या. ॲपलकडे अशा चाचणीसाठी टेस्टफ्लाइट आहे. त्यावर दिलेलं ॲप ९० दिवसांनी बंद पडतं, मग नवीन द्यावं लागतं.

दुसऱ्याच्या फोनवर आपलं ॲप जातं, तेव्हा जबाबदारीही येते. म्हणून 'फोनची वेळ'ने संपर्क यादीची परवानगी मागायची नाही. लोकेशन मागायचं नाही. तुम्ही जे साठवाल ते त्या फोनवरच राहू द्या. जी माहिती गोळाच केली नाही, ती हरवतही नाही आणि चोरीलाही जात नाही. प्ले स्टोअरवर टाकताना कुठली माहिती घेता ते फॉर्ममध्ये लिहून द्यावं लागतं आणि गोपनीयता धोरणाचं पान लागतं. काहीच घेत नसाल तर ते पान चार ओळींत होतं. मराठी शाळेच्या मुलांसाठी ॲप करायची कल्पना अनेकांच्या मनात असते. कल्पना छानच आहे. पण १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर अमेरिकेत कोपा हा कायदा लागू होऊ शकतो, आणि त्यात पालकांची परवानगी आधी घ्यावी लागते. म्हणून ते पहिलं ॲप नको. तिसरं-चौथं असू द्या.

आता एच-४ वर असलेल्यांसाठी थोडं स्पष्ट बोलते. शिकणं, सराव करणं, घरच्यांसाठी ॲप बनवणं, यासाठी कामाची परवानगी लागत नाही. पण ॲपची किंमत ठेवणं, जाहिरातींतून पैसे घेणं, कोणाला पैसे घेऊन ॲप बनवून देणं, ही कमाई आहे. कंपनीसाठी 'बिनपगारी' काम करणंही सरसकट सुरक्षित नसतं. परवानगी हातात नसताना यातलं काहीही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्या. ओळखीचे चार लोक करतात म्हणून चालतं, असं समजू नका. चार-पाच डॉलरच्या जाहिरातींसाठी ग्रीन कार्ड अडचणीत आणण्यात काही शहाणपण नाही.

मग याचा उपयोग काय? खरं सांगायचं तर एका छोट्या ॲपने कोणी नोकरी देत नाही. ज्या कोर्सच्या जाहिराती तसं म्हणतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. पण मी मुलाखती घेते तेव्हा दोन उमेदवारांमधला फरक लगेच दिसतो. एकाकडे आठ प्रमाणपत्रं असतात. दुसरी म्हणते, "मी एक छोटं ॲप केलंय, सासूबाई रोज वापरतात. नोव्हेंबरमध्ये घड्याळ बदलल्यावर चुकू नये म्हणून मी अशी चाचणी लिहिली." मी तिला पुढचे दहा प्रश्न विचारते आणि तिला सगळ्यांची उत्तरं येतात, कारण प्रत्येक ओळीशी तिची ओळख असते. रेझ्युमेवरची ती रिकामी वर्षंही मग रिकामी राहत नाहीत. त्यांच्यापुढे लिहायला एक खरं काम असतं. कोड गिटहबवर ठेवा, म्हणजे दाखवताही येतं.

तर या आठवड्याचं काम सांगते. आज रात्री एका कागदावर एक वाक्य लिहा: "हे ॲप अमक्या व्यक्तीला अमकं करायला मदत करेल." माणसाचं नाव लिहा. 'सगळ्यांना' असं लिहू नका. वाक्यात 'आणि' आलं, तर 'आणि'च्या पुढचं सगळं खोडा. मग त्या माणसाचा फोन कुठला ते विचारा. उद्या डाउनलोड. परवा तुमच्या स्वतःच्या फोनवर ते "हॅलो". आणि पुढचे दोन महिने कोणी कितीही सांगितलं तरी दुसरी लँग्वेज नाही.

दोन महिन्यांनी तुमचं ॲप कोणाच्यातरी फोनवर असेल तर आम्हाला नक्की कळवा, त्याबद्दल आपण याच कार्यक्रमात बोलू. अडलात तर तेही कळवा. नेमकी एरर काय आली ते जसंच्या तसं लिहा, नुसतं "चालत नाही" असं लिहू नका. हीसुद्धा शिकण्याचीच एक पायरी आहे.

आज इथेच थांबते.